साखरझोप, पाळी आणि आवर्तन : नीरेच्या कालव्याकाठच्या निद्रेचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचा विचार सामान्यतः पाणी, ऊस आणि साखर या त्रयीच्या अनुषंगाने केला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचे पाणी या अवर्षणप्रवण पठारावर खेळू लागले. १९३० च्या दशकात वालचंदनगर वसले, पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले आणि १९८० च्या सुमारास उजनी धरणाच्या फुगवट्याने इंदापूरची उत्तर सीमा जलमय केली. या स्थित्यंतराचा आर्थिक आणि सामाजिक इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. तथापि या स्थित्यंतराने माणसाच्या झोपेचे काय केले, हा प्रश्न मात्र अभ्यासकांनी क्वचितच विचारला आहे.

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. कालव्याचे पाणी रात्री वाहते, विजेची मोटार पुष्कळदा रात्रीच चालते, गाळप हंगामात कारखान्याची गव्हाण अहोरात्र फिरत असते आणि ऊसतोडीची टोळी पहाटेच्या अंधारातच फडात उतरते. याचा अर्थ असा की येथील पीकव्यवस्थेने माणसाच्या चोवीस तासांची फेरमांडणी केली आहे. ही फेरमांडणी माणसाचे शरीर कितपत मान्य करते, याचे उत्तर निद्रेचे मानसशास्त्र आणि जैविक लयींचे शास्त्र यांच्याकडे आहे. परंतु हे उत्तर ज्या लोकांकडून मिळवावयाचे, ते आपली झोप मराठीतून सांगतात. म्हणून मराठी भाषा झोपेविषयी काय सांगते आणि कसे सांगते, याचा विचारही तितकाच आवश्यक ठरतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजू एकत्र पाहण्याचा प्रयत्न आहे.

२. झोपणे आणि झोप लागणे

मराठी व्याकरणात निद्रेच्या वर्णनासाठी दोन भिन्न रचना आहेत. ‘तो झोपला’ या वाक्यात झोपणारा हा प्रथमेतील कर्ता आहे. ‘त्याला झोप लागली’ या वाक्यात तोच मनुष्य चतुर्थीत जातो आणि ‘झोप’ ही कर्त्याच्या जागी येऊन बसते. पहिल्या रचनेत कृती आहे, दुसऱ्या रचनेत अनुभव आहे. म्हणूनच ‘झोप बघू आता’ अशी आज्ञा मुलाला करता येते. परंतु ‘झोप लागून घे’ असे कोणी म्हणत नाही. ‘दहालाच झोपलो, पण बारापर्यंत झोप लागली नाही’ हे वाक्य मराठी भाषकाला किंचितही विसंगत वाटत नाही. येथे ‘झोपणे’ म्हणजे अंथरुणावर आडवे होणे आणि ‘झोप लागणे’ म्हणजे निद्रा प्रत्यक्ष सुरू होणे. निद्राशास्त्रात या दोन क्षणांमधील अंतराला स्वतंत्र महत्त्व आहे. ते दीर्घ असेल तर निद्रानाशाचे ते एक लक्षण मानतात आणि अत्यल्प असेल तर झोपेची थकबाकी साचल्याची शंका घेतात. बोलीतील सामान्य वाक्यरचनेनेच हा भेद राखून ठेवला आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

याच संदर्भात ‘येणे’ आणि ‘लागणे’ या सहायक क्रियापदांची तुलना उद्बोधक ठरेल. ‘भूक लागली’ म्हणजे अन्नाची गरज उत्पन्न झाली. ‘तहान लागली’ म्हणजे पाण्याची गरज उत्पन्न झाली. परंतु ‘झोप लागली’ म्हणजे गरज उत्पन्न झाली असे नव्हे, तर ती गरज भागू लागली. गरजेसाठी ‘झोप आली’ असाच प्रयोग होतो. ‘लागणे’ची हीच छटा ‘तंद्री लागली’, ‘ध्यान लागले’, ‘समाधी लागली’ या प्रयोगांत आढळते. तात्पर्य, भूक-तहानेच्या मालिकेत झोपेला न बसवता, जाणिवेच्या बदललेल्या अवस्थांच्या मालिकेत तिला बसवण्याचा कल या भाषेत दिसतो. हा निष्कर्ष भाषेपुरता आहे. शरीरव्यापाराविषयी त्यावरून थेट अनुमान काढणे धाडसाचे होईल. मात्र भाषक स्वतःच्या अनुभवाचे वर्गीकरण कसे करतो, याचे ते प्रमाण आहे.

३. निद्रेच्या अवस्था आणि साखरझोप

निद्रा ही जागृतीचा केवळ अभाव आहे, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. भारतीय परंपरेत मात्र तिला वेगळे स्थान आहे. माण्डूक्य उपनिषदाने जागृत, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या, तर पतंजलीने निद्रेची गणना चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये केली. म्हणजे निद्रा ही चित्ताचीच एक अवस्था ठरली, तिचा लोप नव्हे. ही विधाने आत्मनिरीक्षणातून आलेली असून त्यांचे प्रयोजन मोक्षशास्त्रीय आहे. त्यामुळे ती प्रयोगशाळेतील निष्कर्षांशी एकरूप आहेत असे म्हणणे युक्त नव्हे. परंतु प्रश्नाची मांडणी तेथे अधिक सूक्ष्म होती, हे मान्य करावे लागते.

प्रयोगसिद्ध अभ्यासाचा आरंभ विसाव्या शतकात झाला. हान्स बर्गर या जर्मन वैद्याने मानवी मेंदूच्या विद्युत्तरंगांची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. १९३७ मध्ये लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तरंगांच्या आधारे निद्रेच्या पायऱ्या निश्चित केल्या. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की झोपेत ठराविक काळाने डोळ्यांची बुबुळे मिटल्या पापण्यांखाली वेगाने हलू लागतात आणि अशा वेळी जागे केलेला मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो. या अवस्थेत मेंदूचे तरंग जागृतीसारखे असतात, पण स्नायू जवळजवळ निःशक्त असतात. हिला नेत्रचलन-निद्रा म्हणता येईल. उरलेल्या निद्रेत उथळ पायऱ्या आणि मंद, उंच तरंगांची गाढ निद्रा येते. ही दोन्ही प्रकारची निद्रा सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनांनी रात्रभर फिरत राहते.

या आवर्तनांची घडण रात्रभर सारखी नसते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ मंदतरंग निद्रेचे प्रमाण अधिक असते आणि उत्तरार्धात, विशेषतः पहाटे, नेत्रचलन-निद्रा लांबत जाते. शरीराचे तापमानही पहाटे चार-पाचच्या सुमारास आपल्या नीचतम बिंदूवर असते. अशा वेळी अवेळी उठवलेल्या माणसाला काही काळ धड सुचत नाही, पाय जड वाटतात आणि तुटलेले स्वप्न डोळ्यांपुढे राहते.

मराठीने या पहाटेच्या निद्रेला ‘साखरझोप’ असे नाव दिले आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरातील गाढ झोपेला ही संज्ञा कोणी लावत नाही. तेथे ‘ढाराढूर’, ‘मेल्यासारखी’ असे शब्द येतात. म्हणजे गाढ पण स्मृतिशून्य झोप आणि हलकी, गोड, स्वप्नाळू झोप यांतील अंतर भाषेला ज्ञात आहे, आणि ही दुसरी झोप कोणत्या वेळी येते हेही तिला ठाऊक आहे. विरोधाभास असा की ज्या भूमीत साखर तयार होते, त्या भूमीत ऊस तोडणाऱ्या, वाहणाऱ्या आणि गाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला ही साखरझोपच सर्वांत कमी येते. टोळीतील स्त्रीला तर भाकरी थापून, लेकरांचे आवरून फडात जावयाचे असल्याने ती बहुधा टोळीत सर्वांत आधी उठते. तिची झोप शेवटच्या टोकाकडून कापली जाते. त्यामुळे केवळ तासच कमी होत नाहीत. त्या तासांतील नेत्रचलन-निद्रेचा वाटा प्रमाणापेक्षा अधिक गळतो. भावनांचे संतुलन आणि स्मृती यांच्याशी या निद्रेचा संबंध असल्याचे अनेक प्रयोगांतून सूचित झाले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या हानीचे स्वरूप स्पष्ट होते.

४. अहोरात्र-लय

१७२९ हे वर्ष बारामतीच्या वाङ्मयीन इतिहासाला परिचित आहे, कारण बाबूजी नाइकांच्या आश्रयाने येथे राहून ज्यांनी विपुल काव्यरचना केली ते मोरोपंत त्या वर्षी पन्हाळ्यास जन्मले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये द मेरां या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधारात ठेवले आणि पाहिले की सूर्यप्रकाश नसतानाही त्याची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. या साध्या निरीक्षणातून एक मूलगामी कल्पना निघाली : काळाची लय बाहेरून केवळ लादली जात नाही, ती सजीवाच्या ठायी अंतर्भूत असते.

१९५९ मध्ये फ्रान्झ हालबर्ग यांनी या लयीला ‘सुमारे एक दिवसाची’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. मराठीत तिला अहोरात्र-लय म्हणणे सयुक्तिक ठरेल. यातील ‘सुमारे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९३८ मध्ये क्लाइटमन आणि त्यांचा एक विद्यार्थी अमेरिकेतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि २८ तासांचा दिवस अंगवळणी पाडण्याचा प्रयत्न त्यांनी केला. विद्यार्थ्याला ते बरेचसे जमले. क्लाइटमन यांच्या शरीराने मात्र २४ तासांची लय सोडली नाही. पुढे १९९९ मध्ये चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने काटेकोर प्रयोगांती मानवी घड्याळाचा स्वाभाविक कालावधी सरासरी २४ तास ११ मिनिटे असल्याचे दाखवले. भारतात मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतील वटवाघुळांवर आणि बाह्य कालसूचनांपासून अलग ठेवलेल्या स्वयंसेवकांवर केलेले संशोधन या विषयातील पायाभूत कार्य मानले जाते.

या घड्याळाचे मुख्य स्थान मेंदूच्या तळाशी, दोन्ही नेत्रनाड्या जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगत वर असलेल्या एका सूक्ष्म पेशीपुंजात आहे, हे १९७२ मध्ये निश्चित झाले. त्याचा आनुवंशिक आधार फळमाशीत कोनोप्का आणि बेंझर यांनी १९७१ मध्ये प्रथम दाखवला. त्या जनुकांची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात ही यंत्रणा अशी : विशिष्ट जनुके एक प्रथिन तयार करतात, ते साचत जाऊन आपल्याच निर्मितीला रोखते, पुढे त्याचा ऱ्हास होतो आणि निर्मिती पुन्हा सुरू होते. या फेऱ्याला सुमारे एक अहोरात्र लागते. दररोज होणारी काही मिनिटांची तफावत प्रकाश दुरुस्त करतो. डोळ्यांतील काही पेशी दृश्य पाहण्यासाठी नसून केवळ उजेडाची वार्ता या घड्याळाला पोचवण्यासाठी असतात.

झोप केव्हा येईल हे एकटे घड्याळ ठरवीत नाही. १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बोर्बेली यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार दोन प्रक्रिया एकत्र काम करतात. जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक झोपेची निकड साचत जाते आणि झोपेत ती फिटते, ही पहिली. दिवसाच्या कोणत्या वेळी शरीर झोपेला अनुकूल आहे हे घड्याळ सांगते, ही दुसरी. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी दहा वाजता अंथरुणावर पडूनही चार-पाच तासांच्या पलीकडे झोप टिकत नाही, याचे कारण येथे आहे. निकड भरपूर असते, पण घड्याळ ‘उठा’ म्हणत असते. ‘दिवसाची झोप अंगी लागत नाही’ या लोकोक्तीसारख्या वाक्यात हाच अनुभव साठवला आहे.

५. ‘पाळी’ या शब्दाची व्याप्ती

या प्रदेशातील कालजीवन समजून घेण्यास ‘पाळी’ या एका शब्दाची चिकित्सा पुरेशी मार्गदर्शक ठरते. कालव्याच्या पाण्याचा आपला वार तो पाण्याची पाळी. कारखान्यातील कामाचे आठ तास ती दिवसपाळी वा रात्रपाळी. स्त्रीचा मासिक धर्म तोही पाळी. तीनही अर्थांत ‘क्रमाने परत येणारी वेळ’ ही कल्पना समान आहे. परंतु या तीन पाळ्यांचे नियंते वेगळे आहेत : पहिलीचा पाटबंधारे खाते, दुसरीचा कारखाना, तिसरीचा देह. भाषेने एका शब्दात गुंफलेल्या या लयी जीवनात मात्र एकमेकींना छेदतात.

हा छेद किती खोल जाऊ शकतो, याचे दारुण उदाहरण २०१९ मध्ये पुढे आले. बीड जिल्ह्यातून हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे उघड झाले आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खाडा पडला तर मजुरी कापली जाते, मासिक पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, म्हणून पाळीच नको, असा तर्क त्या निर्णयांमागील कारणांत सांगितला गेला. कामाच्या लयीसाठी शरीराची एक लय कायमची थांबवणे, असा याचा अर्थ होतो.

पाण्याच्या पाळीकडे वळू. दख्खनच्या कालव्यांवर ‘शेजपाळी’ ही पद्धत रूढ आहे. चारीवरील शेतांना एकामागून एक, शेजारक्रमाने पाणी मिळते आणि आपला क्रम आला की वेळ दिवसाची असो वा मध्यरात्रीची, दारे धरावयास जावे लागते. पाण्याच्या या संपूर्ण फेरीला शासकीय भाषेत ‘आवर्तन’ म्हणतात. तबल्यावरील तालाच्या पूर्ण फेऱ्यालाही आवर्तनच म्हणतात. तथापि तालात सम नियमित येते, तर कालव्याच्या आवर्तनांमध्ये आठवड्यांचे अंतर असते. त्यामुळे कालव्याची रात्र ही विरळा येणारी रात्र होती. तिची भरपाई पुढील एक-दोन दिवसांत होऊ शके.

विहीर, कूपनलिका आणि विजेची मोटार आल्यावर परिस्थिती पालटली. कृषिपंपांना वीज दीर्घकाळ आळीपाळीने देण्यात आली आहे : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि हा क्रम आठवड्याच्या हिशेबाने बदलणारा. ‘आळीपाळी’ या शब्दातही पुन्हा पाळी आहेच. येथे शरीरशास्त्राचा मुद्दा निर्णायक ठरतो. अंतर्गत घड्याळ एका दिवसात स्थूलमानाने एखादा तासच सरकू शकते. रात्रीच्या वेळापत्रकाशी पूर्ण जुळवून घेण्यास त्याला आठवड्याहून अधिक काळ लागेल. आणि तोवर वेळापत्रकच बदललेले असते. शिवाय रात्रभर पाणी पाजून घरी परतणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांवर सकाळचे कोवळे ऊन पडते आणि घड्याळाची झालेली थोडीफार वाटचालही ते मागे खेचते. विजेरीचा वा खांबावरच्या दिव्याचा उजेड या उन्हापुढे नगण्य होय. अशा रीतीने शेतकऱ्याचे शरीर ना धड दिवसाचे राहते, ना रात्रीचे होते. साप, विंचू, पाण्यातील विजेची तार यांचे भय लोकांना ठाऊक आहे आणि त्याविषयी आंदोलनेही झाली आहेत. घड्याळाच्या या मोडतोडीचे भय मात्र दिसत नसल्यामुळे मागण्यांच्या यादीत येत नाही. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश दिवसा वीज देणे हा आहे. तिचा विचार केवळ ऊर्जेच्या जमाखर्चात न करता निद्रेच्या जमाखर्चातही करणे युक्त ठरेल.

कारखान्याच्या पाळ्यांविषयीही शास्त्राने काही निश्चित सांगितले आहे. मानवी घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असल्याने त्याला मागे रेटण्यापेक्षा पुढे ढकलणे सोपे जाते. १९८२ मध्ये झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या यूटा राज्यातील एका खनिज कारखान्यात पाळ्यांचा क्रम पहिली, दुसरी, तिसरी असा पुढे सरकणारा ठेवला आणि काही कामगारांची पाळी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलली. कामगारांचे समाधान वाढले, आरोग्याच्या तक्रारी घटल्या आणि उत्पादनही वाढले. या सुधारणेला यंत्रसामग्री लागत नाही. केवळ वेळापत्रकाचा कागद बदलावा लागतो. प्रश्न गौण नव्हे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये आणि पुनर्विचारानंतर २०१९ मध्येही ‘संभाव्य कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले, यावरून लक्षात यावे.

६. जागृती आणि निद्रा यांच्या सीमेवर

जागृती आणि निद्रा यांमध्ये एक स्पष्ट रेषा आहे असे मानले, तर रात्री जागणाऱ्याच्या अनुभवाचा मोठा भाग वर्णनाबाहेर राहील. मराठीत या सीमाप्रदेशासाठी समृद्ध शब्दसंपदा आहे. ‘झापड’ पापण्यांवर येते. तिच्यात जडपणा आहे. ‘पेंग’ येते तेव्हा बसल्या जागी मान खाली जाते. ‘डुलकी’ लागते आणि संपते. तिला आरंभ आणि अंत आहे. ‘गुंगी’ला बहुधा औषध, विष वा ताप असे बाह्य कारण असते. ‘ग्लानी’ थकव्याची वा आजाराची. ‘तंद्री’त डोळे उघडे असू शकतात, लक्ष मात्र आत वळलेले असते. या शब्दांची अदलाबदल जाणकार भाषक करीत नाही.

प्रयोगशाळेने अलीकडे या सीमाप्रदेशाला दुजोरा दिला आहे. झोपेची निकड वाढली की काही सेकंदांची सूक्ष्मनिद्रा येते आणि ती आल्याचे त्या व्यक्तीला पुष्कळदा कळतही नाही. २०११ मध्ये व्याझोव्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या बाबतीत दाखवले की प्राणी जागा असताना, हालचाल करीत असताना, मेंदूतील काही पेशीसमूह क्षणभर निद्रेसारखे निःस्तब्ध होतात आणि तेवढ्यात हातून चूक घडते. ‘डोळे उघडे आहेत, पण माणूस झोपेत आहे’ हे नित्याचे वाक्य म्हणूनच निव्वळ अलंकारिक राहत नाही.

१९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे काही कौशल्यांतील प्रावीण्य, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके खालावते. २००३ मध्ये व्हॅन डाँगेन आणि डिंजिस यांच्या प्रयोगात १४ दिवस रोज सहा तास वा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची सावधानता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घटली. आणि विशेष हे की आपली अवस्था इतकी बिघडली आहे याची जाणीव त्यांना नव्हती. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत रात्री भवानीनगर वा माळेगावच्या रस्त्याने जाणारा ट्रॅक्टरचालक ‘मला काही होत नाही, सवय आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. सवय भासाची असते. शरीराची थकबाकी तशीच राहते.

७. जागरण, जागल आणि वारी

येथे एक आक्षेप संभवतो. या भूमीला रात्री जागण्याची जुनी सवय आहे. पिकाची ‘जागल’ करणारे राखणदार होते; गावाचा ‘जागल्या’ होता; कऱ्हेकाठच्या जेजुरीच्या खंडोबाचे ‘जागरण’ वाघ्या-मुरळी रात्रभर घालतात; एकादशीला हरिजागर होतो. मग आजच्या रात्रपाळीतच एवढे अघटित काय आहे?

उत्तर शब्दांतच आहे. ‘जागरण’ हे निवडलेले असते, नैमित्तिक असते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांतीला समाजाची मान्यता असते. एका रात्रीची झोप बुडाली तर पुढील रात्री मंदतरंग निद्रा वाढून शरीर बरीचशी भरपाई करते. ‘रात्रपाळी’ मात्र नियमाने परत येते आणि भरपाईची संधी देत नाही. राहिला जागल्या, तर त्याचे रात्रीचे काम बदलत नसे. शरीराला एका बाजूस झुकण्यास अवसर होता. अर्थात त्याच्या झोपेची किंमत त्या काळच्या जातिव्यवस्थेने कधी मोजली नाही, हेही विसरता कामा नये.

आषाढी वारीचे उदाहरण याहून वेगळे आहे. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत पंढरपूरकडे जाते. बेलवाडी आणि इंदापूर येथे रिंगण होते. वारकरी पहाटे उठतो, दिवसभर उघड्यावर चालतो आणि अंधार पडल्यावर तंबूत वा ओसरीवर अंग टाकतो. झोप थोडी असते, पण ती रात्रीच असते. २०१३ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी काही व्यक्तींना आठवडाभर केवळ नैसर्गिक प्रकाशात, रानात तंबू ठोकून राहावयास लावले. तेव्हा त्यांचे अंतर्गत घड्याळ सूर्याशी जुळले आणि शरीराची रात्र सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होऊ लागली. वारीतील दिनक्रम या प्रयोगाशी मिळताजुळता आहे. कष्ट असूनही वारकरी ताजातवाना दिसतो, याची कारणे श्रद्धेत आणि सहवासात आहेतच. त्यांत सूर्यप्रकाशाचाही वाटा असावा, असे अनुमान अयोग्य ठरणार नाही.

८. प्रश्नावलीची भाषा

शेवटी अभ्यासपद्धतीचा प्रश्न उरतो आणि तो विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा आहे. निद्रेच्या पाहणीसाठी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली पिट्सबर्गची निद्रागुणवत्ता-प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती मुळात रात्रीची झोप गृहीत धरते. तिचा शब्दशः मराठी अनुवाद हाती घेऊन कोणी इंदापूर तालुक्यातील शेतकऱ्याला ‘रात्री किती तास झोपता?’ असे विचारले, तर वीज रात्रीची असलेल्या आठवड्यात उत्तर ‘झोपतच नाही’ असे येईल आणि दुपारी लिंबाखाली मिळालेली तीन तासांची झोप आकडेवारीतून नाहीशी होईल. ‘किती वाजता झोपता?’ या प्रश्नाला काही जण अंथरुणावर पडण्याची वेळ सांगतील, काही झोप लागण्याची. दोन्ही उत्तरे खरी असतील, पण त्यांची सरासरी निरर्थक असेल. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी आपल्या प्रश्नावलीत अंथरुणाला पाठ टेकणे, झोपण्यास सिद्ध होणे आणि झोप लागण्यास लागणारा वेळ हे प्रश्न अलग ठेवले आहेत. मराठीला तर यासाठी नवी परिभाषा घडवण्याचीही आवश्यकता नाही. ‘आडवे होता’, ‘झोप येते’, ‘झोप लागते’, ‘जाग येते’ आणि ‘उठता’ ही पाच क्रियापदे पुरेशी आहेत.

वारांचा घोळ याहून सूक्ष्म आहे. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, वेळापत्रकाचा मध्यरात्री. ‘सोमवारी रात्री दोनला मोटार चालू केली’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा कागदावर मंगळवार उजाडून दोन तास झालेले असतात. हा भेद न जाणणारा निरीक्षक एका रात्रीची झोप दोन दिवसांत वाटून टाकील.

‘झोपाळू’, ‘झोपा काढणे’, ‘झोपेचे सोंग’ यांसारख्या शब्दप्रयोगांत झोपेविषयी एक नैतिक निवाडाही दडलेला असतो. ‘दुपारी झोपता का?’ या प्रश्नाला कष्टकरी मनुष्य ‘छे, कुठली झोप!’ असे उत्तर देतो, कारण होकार दिल्यास आळशी ठरण्याची भीती असते. ‘दुपारी डोळा लागतो का?’ असे विचारल्यास तोच मनुष्य निःसंकोचपणे ‘लागतो की घटकाभर’ असे सांगेल. कारण डोळा लागण्याची जबाबदारी माणसाकडे नाही. चतुर्थीची रचना येथे माणसाची लाज राखते आणि संशोधकाला सत्य मिळवून देते.

नीरेच्या काठावर उसाचे टनेज, पाण्याचे दलघफू आणि विजेचे युनिट यांची मोजदाद काटेकोर होते. झोपेचे माप घेण्याची साधने आता शास्त्राने दिली आहेत आणि ती विचारण्याची भाषा लोकांपाशी पूर्वीपासून आहे. या दोहोंची सांगड घालणारी पाहणी एका गाळप हंगामात, एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रात, टोळी, शेतकरी, चालक आणि कामगार अशा चारही वर्गांना धरून करता येण्यासारखी आहे. ती झाली तर पाळ्यांचा क्रम, विजेची वेळ आणि तोडीचा आरंभ यांविषयीच्या निर्णयांना आजवर न लाभलेला एक आधार मिळेल, आणि साखरझोप हा शब्द ज्यांनी घडवला त्यांच्या वाट्याला ती झोप येते की नाही, हेही कळेल.